माल कुठल्या खात्यात अडकलाय?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीतली एक मुलगी लॅपटॉप काखेत मारून घरी आली. विद्यापीठात पीएचडी करते. विषय पंचगंगेच्या खोऱ्यातला पाऊस. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हा विषय का घ्यावासा वाटला, हे विचारायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तिला गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसाचं गणित संगणकावर मांडायचं होतं आणि त्यासाठी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल सोर्स कोडपासून बांधायचं होतं. सीनियरकडून तिला त्याची एक जुनी आवृत्ती मिळाली होती.

"दादा, दोन दिवस झाले. नुसता एररचा पाऊस. हे सॉफ्टवेअरच खराब आहे बहुतेक."

स्क्रीनच्या तळाशी एक ओळ होती: 'मेक: एरर १'. ती हीच ओळ गूगलवर टाकून दोन दिवस शोधत होती.

"ही ओळ वॉचमनची आहे," मी म्हणालो. "त्याला विचारून काय कळणार?"

माझ्या वडिलांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप होतं, त्यामुळं मला सगळं तिथल्या भाषेतच सुचतं. 'मेक' हा प्रोग्राम स्वतः काही घडवत नाही. कुठली फाइल आधी, कुठली नंतर एवढी यादी त्याच्याकडे असते आणि त्या क्रमानं तो बाकीच्यांना कामाला लावतो. एखाद्यानं हात वर केले की तो गेटवर येऊन सांगतो, आज गाडी भरणार नाही. का, ते त्याला ठाऊक नसतं. खरं कारण वर, बऱ्याचदा दोन-तीनशे ओळी वर, कुणीतरी सांगून गेलेलं असतं.

सोर्स कोड म्हणजे ड्रॉइंगचा गठ्ठा. त्यातल्या प्रत्येक फाइलमध्ये कुठंकुठं 'अमुक कॅटलॉग बघा' असं लिहिलेलं असतं. प्रीप्रोसेसर त्या कॅटलॉगची पानं आणून तिथं चिकटवतो. या कॅटलॉगला हेडर फाइल म्हणतात. मग कंपायलर एकेका फाइलचा एकेक सुटा पार्ट पाडतो, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल, जिच्या नावाच्या शेवटी '.ओ' असतं. हे आपलं कास्टिंग. सगळे पार्ट झाले की लिंकर येतो. हा असेंब्लीचा फिटर. घरचे पार्ट आणि बाहेरून आणलेली बेअरिंगं, गॅस्केटं तो एकत्र जोडतो. बाहेरून आणलेल्या मालाला लायब्ररी म्हणायचं. शेवटी किक मारून इंजिन चालू करायचं, तिथं लोडर असतो. आणि या सगळ्याच्या आधी 'कॉन्फिगर' किंवा 'सीमेक' नावाचा स्टोअरकीपर कोठारात फिरून काय आहे, काय नाही ते लिहून घेतो.

आपण या सगळ्या खात्यांतल्या अडचणींना सरसकट 'कंपायलर एरर' म्हणतो आणि घोळ तिथंच सुरू होतो. अडवलेलं असतं फिटरनं, आपण ओरडतो कास्टिंगवाल्याच्या नावानं, आणि इंटरनेटवरून तिसऱ्याच खात्याचा उपाय आणून डकवतो.

म्हणून आधी पहिली एरर शोधायची. पहिलीच का, तर कंपायलर एकदा चकला की पुढच्या बऱ्याच ओळी त्याच चुकीच्या सावल्या असतात. फोरट्रान या जुन्या भाषेत तर हे फारच. एक फाइल पडली की तिच्यातून तयार होणारी '.मॉड' फाइल तयारच होत नाही, आणि तिच्यावर विसंबलेल्या चाळीस फायली एकापाठोपाठ 'मॉड्यूल फाइल उघडता येत नाही' म्हणून गळा काढतात. चाळीस जणांची समजूत घालत बसू नका. ती मॉड फाइल जिच्यातून निघायची होती, ती फाइल वर कुठं पडली ते बघा.

त्यासाठी सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्यावा लागतो. 'टी' ही कमांड स्क्रीनवर दाखवता दाखवता फाइलमध्येही लिहिते. फक्त एरर वेगळ्या नळीतून येतात, त्यांनाही त्याच नळीत वळवायचं असतं, नाहीतर फाइलमध्ये सगळं आलबेल दिसतं आणि रडगाणं स्क्रीनवरून निघून जातं. दुसरं, वेळ वाचवायला लोक 'मेक'ला आठ-आठ कामं एकदम करायला लावतात. बांधकाम सुरळीत चाललं असेल तर खुशाल लावा, पण अडलं की आठ जणांची बोलणी एकमेकांत मिसळतात. एरर शोधताना एकालाच कामाला लावा. वेळ जाईल, पण कोण काय म्हणालं ते कळेल.

डब्ल्यूआरएफची तर आणखी एक खोड आहे. ते 'मेक'ला चुकांकडे दुर्लक्ष करून पुढं जायला सांगतं. फाइल पडली तरी वॉचमन नुसता ओरडतो, गाडा चालूच राहतो आणि तासाभरानं अगदी शेवटी कळतं की प्रोग्राम तयारच झाला नाही. त्या लॉगमध्ये 'एरर' शब्द शोधताना इंग्रजी मोठ्या अक्षरानं सुरू होणारा शोधायचा. लहान अक्षरांतला 'एरर' फायलींच्या नावांत आणि कमांडमध्ये सतरा ठिकाणी सापडतो. तिच्या लॉगमध्ये आम्ही असंच वरून खाली आलो आणि तिसऱ्याच मिनिटाला पहिली खरी ओळ सापडली. तिच्याकडे मग येतो, आधी सोपी खाती उरकू.

स्टोअरकीपर अडला तर तो बहुधा खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतो. 'सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स' असं तो म्हणाला की पोरं कंपायलर काढून पुन्हा टाकतात. त्याआधी शेजारी पडलेली 'कॉन्फिग.लॉग' ही फाइल उघडा. त्यानं नेमका कुठला चिमुकला प्रोग्राम चालवून बघितला आणि कंपायलर काय म्हणाला, ते तिथं शब्दशः असतं. बऱ्याचदा आपणच दिलेल्या एखाद्या फ्लॅगमध्ये, म्हणजे कंपायलरला दिलेल्या जादा सूचनेत, स्पेलिंगची चूक निघते. 'सीमेक'चा स्टोअरकीपर वेगळ्या स्वभावाचा. त्याची स्मरणशक्ती दांडगी. कालच्या रिकाम्या रकान्यात आज माल आणून ठेवला तरी तो वहीत बघूनच 'नाही' म्हणतो. अशा वेळी बांधकामाचं फोल्डर पुसून नव्यानं सुरुवात करणं हाच शहाणपणा.

कॅटलॉगच्या खात्यातली एरर ओळखायला सर्वांत सोपी: '.एच' नावाची एखादी फाइल आणि पुढं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. तुम्ही म्हणाल, लायब्ररी तर टाकली आहे. टाकली असेल, पण उबंटूसारख्या लिनक्समध्ये एका लायब्ररीची दोन गाठोडी असतात. एक चालवणाऱ्यासाठी, दुसरं बांधणाऱ्यासाठी. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं, फेडोराकडे 'डेव्हेल'. कॅटलॉग त्या दुसऱ्यात. कधी कॅटलॉग असूनही सापडत नाही. उबंटूवर एचडीएफ५ या आकडेवारी साठवणाऱ्या लायब्ररीचे हेडर सरळ 'इन्क्लूड'मध्ये नसतात, आत 'एचडीएफ५' आणि त्याच्याही आत 'सीरियल' अशा फोल्डरमध्ये असतात. तेव्हा कंपायलरला मोठ्या 'आय' अक्षराच्या फ्लॅगनं रस्ता दाखवावा लागतो.

आता फिटर. इथं जरा बसू, कारण सर्वांत जास्त माणसं इथंच हरतात.

'अनडिफाइंड रेफरन्स टू' अमुक. याचा अर्थ तुमचा कोड चुकला असा होत नाही. ड्रॉइंग वाचून झालं, कास्टिंग निघालं, कॅटलॉगात बेअरिंगचा नंबरही होता. पण जोडायला घेतलं तर टेबलावर ते बेअरिंग नाही. कॅटलॉग हातात असणं आणि माल हातात असणं यातला हा फरक. हेडर कितीही वेळा नव्यानं टाकलं तरी ही एरर जाणार नाही.

मग ते बेअरिंग कुठल्या दुकानात मिळतं, ते नावावरून ओळखायचं. 'डीजेम' आणि त्याच्या शेपटाला एक अंडरस्कोर दिसला, तर मागणी बीएलएएसकडची आहे. मॅट्रिक्सचे गुणाकार करणारी ही लायब्ररी १९७९ पासून विज्ञानाच्या कोडमध्ये आहे. ते शेपूट फोरट्रानचं. बहुतेक फोरट्रान कंपायलर प्रत्येक सबरूटीनचं नाव लहान अक्षरांत करून मागं अंडरस्कोर लावतात, सी भाषा लावत नाही. सीमधून फोरट्रानला हाक मारताना शेपूट विसरलं की हाक पोचत नाही. 'एनएफ' नं सुरू होणारी नावं नेटसीडीएफच्या, म्हणजे हवामानाची आकडेवारी फाइलमध्ये साठवणाऱ्या लायब्ररीच्या, फोरट्रान भागातली. इथं एक जुना सापळा आहे. नेटसीडीएफचा सी भाग आणि फोरट्रान भाग या आता दोन वेगळ्या लायब्रऱ्या आहेत. दुसरीच्या नावात शेवटी एक 'एफ' जास्त असतो. त्या एका 'एफ'पायी मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय. डब्ल्यूआरएफला वर आणखी हे दोन्ही भाग एकाच फोल्डरखाली लागतात आणि उबंटू त्यांना आपल्या पद्धतीनं पांगवून ठेवतो. म्हणून जाणती माणसं नेटसीडीएफ स्वतःच्या एका फोल्डरमध्ये वेगळं बांधून घेतात.

लिंकरला दोन गोष्टी सांगायच्या असतात. मोठा 'एल' रस्ता सांगतो, छोटा 'एल' मालाचं नाव. दोन्ही बरोबर देऊनही तो अडतो, तेव्हा क्रम बघा. फिटर डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जातो. आतापर्यंत ज्याची मागणी आलीय तेवढंच दुकानातून उचलतो. दुकान आधी आणि मागणी नंतर असेल, तर दुकानावरून तो रिकाम्या हातानं पुढं जातो आणि नंतर माल नाही म्हणून ओरडतो. त्यामुळं आपल्या ऑब्जेक्ट फायली आधी, लायब्रऱ्या नंतर. आणि लायब्रऱ्यांतही जी दुसरीवर विसंबून आहे ती आधी. विशेषतः '.ए' च्या स्टॅटिक लायब्रऱ्यांत हा नियम फार चावतो. कुठल्या लायब्ररीत कुठलं नाव आहे याची शंका असेल तर 'एनएम' ही कमांड दुकानाची यादी काढून देते. नावापुढं मोठा 'टी' असेल तर माल आहे, मोठा 'यू' असेल तर ते दुकान स्वतःच तो माल दुसऱ्याकडं मागतंय.

याहून बेरकी अडचण आट्यांची. उद्यमनगरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. अर्ध्या इंचाचा नट १२ मिलिमीटरच्या बोल्टला दिसायला तोच, पण बसणार नाही. लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर म्हणजे जीसीसी. त्यानं २०१५ मध्ये पाचव्या आवृत्तीत सी प्लस प्लसच्या 'स्ट्रिंग'ची, म्हणजे मजकूर ठेवायच्या डब्याची, आतली मांडणी बदलली. जुन्या आट्यांची लायब्ररी आणि नव्या आट्यांचा कोड समोरासमोर आले की लिंकरच्या ओळीत 'सीएक्सएक्स११' असा तुकडा दिसतो. तो दिसला की लायब्ररी शोधत फिरू नका. ती आहे, पण दुसऱ्या मापाची आहे. फोरट्रानच्या '.मॉड' फायलींचंही तसंच. एका कंपायलरनं केलेली मॉड फाइल दुसरा वाचत नाही, कधीकधी त्याच कंपायलरची वेगळी आवृत्तीही वाचत नाही. सगळ्या लायब्रऱ्या आणि आपला प्रोग्राम एकाच कंपायलरनं बांधावेत. या मिसळीचं हल्लीचं नेहमीचं कारण म्हणजे 'कोंडा' हे पॅकेजं आणून देणारं सॉफ्टवेअर. पायथनसाठी कोंडा चालू ठेवलेला असतो आणि तो गुपचूप आपल्या कोठारातला माल पुढं करतो. बांधायला बसण्याआधी 'विच' कमांडनं जीसीसी, त्याचा फोरट्रानचा भाऊ जीफोरट्रान आणि एमपीआयचा (एक काम अनेक प्रोसेसरांत वाटून देणाऱ्या लायब्ररीचा) कंपायलर कुठल्या फोल्डरमधून येताहेत ते एकदा बघून घ्या. मी तर बांधकामाच्या टर्मिनलमध्ये कोंडा बंदच करून टाकतो.

आता तिच्या लॉगमधली ती पहिली ओळ. 'टाइप मिसमॅच', आणि पुढं कंसात 'रियल' आणि 'इंटिजर'. ही मात्र खरीखुरी कंपायलरची एरर, आणि तरीही कोड लिहिणाऱ्यानं काल काही बिघडवलेलं नव्हतं.

गोष्ट अशी, की फोरट्रान ही १९५७ ची भाषा. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. विज्ञानातला बराच कोड तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आणि त्या काळचे कंपायलर बरंच काही चालवून घ्यायचे. एकाच सबरूटीनला एकदा पूर्णांकांची यादी द्यायची, दुसऱ्यांदा दशांशांची. एमपीआयनं निरोप पाठवताना तर हे सर्रास चालायचं. नियमानं ते चुकीचंच होतं, पण कुणी हटकत नव्हतं. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० नं हटकायला सुरुवात केली. काल जी वॉर्निंग होती ती आज एरर झाली. तिच्या सीनियरच्या मशीनवर जुना जीफोरट्रान होता, म्हणून त्याचं बांधकाम निमूट झालं. हिच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तेच अडलं. 'माझ्याकडं चालतंय की' या वाक्याचा उगम बऱ्याचदा इथं असतो.

इलाज एका फ्लॅगचा: 'एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच'. आम्ही तो कॉन्फिगरनं तयार केलेल्या फाइलमधल्या फोरट्रानच्या फ्लॅगांत घातला. हा फ्लॅग टाकायला मला संकोच वाटत नाही, कारण हजारो लोकांनी तपासलेल्या कोडमधल्या एका ठरावीक जुन्या सवयीला तो माफी देतो. पण सगळ्या वॉर्निंगांचं तोंड बंद करणारा, किंवा सी प्लस प्लसला 'काहीही चालव' म्हणणारा 'परमिसिव्ह' फ्लॅग कुठूनतरी उचलून डकवणं मला पटत नाही. निबंध लिहिणाऱ्या पोराचं तसं चालेल. पुराच्या पाण्याची उंची काढायचीय म्हटल्यावर आकडा कशामुळं आला, हे ठाऊक असलेलं बरं.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी ओळखून ठेवा. त्याच जीसीसी १० पासून सी कोडमध्ये 'मल्टिपल डेफिनिशन' दिसू लागलं. हेडरमध्येच व्हेरिएबल घडवून ठेवायची जुनी पद्धत त्याला कारण. प्रत्येक फाइल तो पार्ट स्वतः ओतते आणि फिटरपुढं एकाच जागेसाठी दहा नग येतात. 'एफकॉमन' फ्लॅगनं निभावतं. २०२४ च्या जीसीसी १४ नं सीमधल्या फंक्शनची ओळख न देता त्याला हाक मारणं पूर्ण बंद केलं. १९९९ च्या नियमांतच ते रद्द झालं होतं, पण कंपायलर पंचवीस वर्षं कानाडोळा करत होते. याचा एक छुपा परिणाम स्टोअरकीपरवर होतो. त्याचे तपासणीचे चिमुकले प्रोग्रामही जुन्या वळणाचे असतात. ते पडतात, आणि तो बिनदिक्कत लिहून घेतो की हे फंक्शन या मशीनवर नाहीच.

आणि ७२ वा रकाना. जुन्या फोरट्रानमध्ये ओळीचा मजकूर सातव्यापासून बहात्तराव्या रकान्यापर्यंतच लिहायचा. पंचकार्डाला ८० रकाने असायचे, शेवटचे आठ कार्डांच्या अनुक्रमांकासाठी. हातातून गठ्ठा पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून! पंचकार्डं गेली, नियम राहिला. आज तुम्ही अशा फाइलमध्ये ओळ जरा लांबवली तर कंपायलर ७२ नंतरचं मुकाट सोडून देतो. व्हेरिएबलचं नाव मधेच तुटतं, आणि फोरट्रान नाव आधी सांगितलं नसेल तर स्वतःच नवं व्हेरिएबल मानून घेतो. कधी एरर येते, कधी येतही नाही. येते तेव्हा आपण नशीबवान.

एक एरर मात्र नाव सांगते एक आणि गाव असतं दुसरंच. 'इंटर्नल कंपायलर एरर', आणि शेजारी 'किल्ड'. वाचून वाटतं, कंपायलरच सदोष आहे. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते आणि लिनक्सनं सर्वांत जास्त खाणाऱ्याला उचलून बाहेर काढलेलं असतं. आठ कामगारांऐवजी दोन लावा, ब्राउझर बंद करा, बांधकाम पुढं सरकतं.

आणि बांधून झाल्यावर 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आली तर पुन्हा कंपाइल करत बसू नका. इंजिन जोडून झालंय, फक्त चालू करताना लोडरला डिझेलची टाकी सापडत नाहीये. 'एलडीडी' कमांड कुठली लायब्ररी हरवलीय ते सांगते, 'एलडी लायब्ररी पाथ'मध्ये तिचं फोल्डर घातलं की झालं. एका मशीनवर बांधून दुसऱ्यावर नेलं आणि 'इलीगल इन्स्ट्रक्शन' आलं, तर 'मार्च=नेटिव्ह' हा फ्लॅग काढून बघा. तो प्रोग्रामला बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरच्या मापाचं शिवतो.

इतकं करूनही अडलात तर विचारा, लाजू नका. पण स्क्रीनचा तिरका फोटो व्हॉट्सॲपवर टाकून 'हे का येतंय' असं विचारू नका. पहिली एरर, तिच्या आधीची कंपायलरला दिलेली पूर्ण कमांड, कंपायलरची आवृत्ती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, एवढं मजकूर म्हणून पाठवा. निम्म्या वेळा ते गोळा करतानाच उत्तर दिसतं. आणि हो, तेच सॉफ्टवेअर तुमच्या लिनक्सच्या कोठारात तयार मिळत असेल आणि कोडमध्ये काही बदलायचं नसेल, तर सरळ ते घ्या. स्वतः बांधण्यात कसली मर्दुमकी नाही.

त्या संध्याकाळी फ्लॅग टाकून, जुनं सगळं पुसून, आम्ही बांधकाम पुन्हा सुरू केलं. नेटसीडीएफचा तो जादा 'एफ' तिच्याकडंही राहिलाच होता, तो तिचा तिनंच पकडला. रात्री साडेअकराला तिचा फोन आला.

"दादा, प्रोग्रामच्या चारी फायली तयार झाल्या! पण चालवलं की लगेच सेगमेंटेशन फॉल्ट."

"बांधताना नाही ना, चालवताना? मग टर्मिनलमध्ये 'यूलिमिट' लिही, वजा एस, आणि पुढं 'अनलिमिटेड'. स्टॅक, म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती मेमरी, कमी पडत असणार. मग परत चालव."

पलीकडं बटणांचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"चाललंय," ती म्हणाली. "पहिला तास झाला पावसाचा."